राजा दीनदयाळ : पडझडीचा साक्षीदार

वालूर हे परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले गाव. नकाशावर ते शोधायला बोट जरा फिरवावे लागते. पण गेल्या काही वर्षांत या गावाचे फोटो महाराष्ट्रभर फिरले, ते तिथल्या गोल बारवेमुळे. चौकोनी बारवा मराठवाड्यात गावोगाव आहेत. वालूरच्या बारवेच्या पायऱ्या मात्र शंखाच्या आतल्या रेषेसारख्या वळत वळत पाण्याकडे उतरतात. गावकऱ्यांनी श्रमदान करून गाळ उपसला, झुडपे तोडली, आणि इतकी वर्षे मातीखाली दबलेले बांधकाम पुन्हा उजेडात आले. मग फोटो काढणारे आले. आता वाट वाकडी करून लोक वालूरला जातात, बारवेच्या काठावर उभे राहतात आणि मोबाइल पुढे धरतात.

हे चांगलेच झाले. पण आमच्या भागातल्या किती गढ्या, किती वेशी, किती माळवदाची घरे फोटो निघण्याआधीच मातीला मिळाली, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. भिंत पडते तेव्हा तिच्याबरोबर देवळीतला दिवा जातो, ढाळजेतली बैठक जाते आणि अमक्या खोलीत अमकी बाळंतीण होती ही आठवणही जाते. पडके घर बघून हळहळणारे पुष्कळ असतात. ते पडण्याआधी त्याच्यासमोर शांतपणे तिकाटणे रोवून उभा राहणारा एखादाच. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असा एक माणूस आपल्या देशात होऊन गेला, आणि त्याच्या आयुष्याचा उत्तरार्ध आपल्याच निजामी मुलखात गेला. त्याचे नाव लाला दीनदयाळ, पुढे राजा दीनदयाळ.

दीनदयाळांचे नाव निघाले की डोळ्यांसमोर येतात ते दरबारी फोटो. हिऱ्यामोत्यांनी लगडलेले राजे, शिकार केलेल्या वाघाशेजारी बंदूक घेऊन उभे असलेले साहेब, हत्ती, मेजवान्या, संचलने. त्यांची कीर्ती या फोटोंनीच झाली. पण या माणसाची सुरुवात झाली ती जुन्या, ओसाड, गवत वाढलेल्या इमारतींपासून. ती गोष्ट थोडी मुळापासून सांगायला हवी.

दीनदयाळांचा जन्म १८४४ सालचा, उत्तरेतल्या मेरठजवळच्या सरधना या लहानशा गावातला. घराणे जैन, जवाहिऱ्यांचे. सरधना लहान, पण साधे गाव नव्हे. तिथे बेगम समरू नावाची एक विलक्षण बाई राज्य करून गेली होती. तिने बांधलेले भव्य चर्च आणि तिचा वाडा गावात उभा होता. बेगम १८३६ साली वारली आणि तिची जहागीर कंपनी सरकारने ताब्यात घेतली. म्हणजे दीनदयाळ जन्मले तेव्हा गावातला दरबार मोडून आठ वर्षे झाली होती. माणसे निघून गेलेली आणि इमारती मागे राहिलेल्या, असे ते गाव. त्यातच हा मुलगा वाढला. पुढे तेरावे वर्ष लागण्याच्या सुमारास, १८५७च्या मे महिन्यात, जवळच्याच मेरठला शिपायांचा उठाव सुरू झाला आणि सारा मुलूख पेटला. एवढ्या लहान वयात राज्ये कशी येतात आणि कशी जातात हे ज्याने पाहिले, त्याच्या नजरेत दगडविटांबद्दल एक वेगळी समज आली असली तर नवल नाही.

शिक्षणासाठी ते रुरकीच्या थॉमसन सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजात गेले. कालवे, पूल, रस्ते बांधणारी माणसे तयार करणारे हे कॉलेज त्या काळी देशभर नावाजलेले होते. तिथून बाहेर पडल्यावर १८६६ साली त्यांना इंदूरला बांधकाम खात्याच्या कचेरीत नोकरी मिळाली. काम नकाशे काढण्याचे आणि खर्चाचे अंदाज करण्याचे. आपल्या भाषेत सांगायचे तर ड्राफ्ट्समन आणि एस्टिमेटर. सकाळी कचेरी, दिवसभर फूटपट्टी आणि आकडे, संध्याकाळी घर. सरकारी नोकरीत माणसाचे आयुष्य असे सरळ रेषेत निघून जाते, तसेच त्यांचेही गेले असते.

पण १८७४च्या सुमारास त्यांच्या हाती कॅमेरा आला. वय तिशीचे, पोटापाण्याची सोय झालेली. अशा वयात माणसे नवी विद्या शिकायच्या फंदात पडत नाहीत. दीनदयाळ पडले, आणि बघता बघता त्यात तरबेज झाले. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना उत्तेजन दिले. मध्य भारतातले गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डेली यांनीही पाठबळ दिले. एका मराठी संस्थानाच्या आश्रयाने या कलावंताचा पाया घातला गेला, ही गोष्ट आपण मराठी माणसांनी लक्षात ठेवावी अशी आहे.

आज खिशातून फोन काढला की क्षणात फोटो निघतो. त्या वेळी एक फोटो म्हणजे एक मोहीम असे. काचेच्या तावदानावर चिकट रसायन समपातळीत ओतायचे. ती काच अंधारात चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची आणि ओली आहे तोवरच कॅमेऱ्यात बसवायची. भिंगावरचे झाकण काढून मनात सेकंद मोजायचे, झाकण लावायचे आणि काच वाळण्याआधी तंबूत नेऊन धुवायची. म्हणजे जिथे फोटो तिथे अंधाऱ्या खोलीचा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाण्याच्या पखाली आणि काचांच्या पेट्या बैलगाडीवर लादून न्यायच्या. १८८०च्या दशकात कोरड्या तयार काचा मिळू लागल्या आणि काम थोडे हलके झाले. तरी काच ती काचच. गाडीचे चाक खड्ड्यात गेले की महिन्याभराची मेहनत फुटून जायची. कागदावरचा ठसासुद्धा अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर उमटवायचा, तोही उन्हात ठेवून.

असा सगळा संसार बरोबर घेऊन १८८२-८३ साली दीनदयाळ बुंदेलखंडात हिंडले. डेलींच्या जागी आलेले सर लेपेल ग्रिफिन दौऱ्यावर निघाले होते. त्यांच्याबरोबर जुन्या वास्तूंचे फोटो काढायचे काम दीनदयाळांकडे आले. ग्वाल्हेरचा किल्ला, खजुराहोची देवळे, ओरछा, दतिया. आज या जागांना पर्यटक बसगाड्या भरून जातात. त्या वेळी चित्र निराळे होते. ओरछाची राजधानी शंभर वर्षांपूर्वीच टिकमगडला गेली होती. जहांगीर महालाच्या सज्जांवरून फक्त पाखरे उडत होती. खजुराहो हे रानाकडेचे खेडे होते. दतियाचा सात मजली वाडा गावावर उभा होता, पण त्यात नांदते कोणी नव्हते. ग्रिफिन यांचे मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तूंवरचे पुस्तक १८८६ साली निघाले. मजकूर साहेबांचा, पण त्याचा जीव होता दीनदयाळांच्या ८०हून अधिक फोटोंमध्ये.

त्याच सुमारास सांचीच्या स्तूपाची डागडुजी मेजर हेन्री कोल यांच्या देखरेखीखाली चालली होती. पडलेली तोरणे उचलून पुन्हा उभी केली जात होती. सांचीचेही फोटो दीनदयाळांनी काढले. हे फोटो पाहताना मला त्यांच्यातला कचेरीतला ड्राफ्ट्समन सतत दिसतो. इमारतीचा कोन असा धरलेला की तिची लांबी, उंची आणि खोली तिन्ही एकदम कळावीत. उजेड अशा वेळेचा की कोरीवकामातली रेघ न् रेघ सावलीने उठून यावी. कुठे भपका नाही. फुटलेला कोनाडा झाकलेला नाही, छतावर उगवलेला पिंपळ टाळलेला नाही. जे आहे ते, जसे आहे तसे. जणू इमारतीचा पंचनामाच.

आणि या पंचनाम्यात पुष्कळदा एक माणूस असतो. देवळाच्या पायरीशी, तोरणाच्या खांबाशी, कमानीच्या सावलीत उभा किंवा बसलेला. अंगात साधे कपडे, डोक्याला मुंडासे. तो तिथे का आहे? इमारत किती उंच आहे हे कळावे म्हणून. मोजपट्टीसारखा. त्या काळचे सगळेच छायाचित्रकार अशी माणसे उभी करीत. इमारतीचे नाव खाली छापले जाई, या माणसाचे नाही.

मी उमेदीची सगळी वर्षे बँकेत काढली. घर तारण ठेवायला आले की त्याची तपासणी करायची. चतुःसीमा, लांबी-रुंदी, भिंती मातीच्या की विटांच्या, बांधकामाचे वय किती, उरलेले आयुष्य किती, असे रकाने असत. ते भरून सही केली की घराची किंमत ठरे. त्या कागदावर घर अगदी अचूक उतरलेले असे. फक्त त्यातली माणसे कुठल्याच रकान्यात बसत नसत. दाराआडून भीत भीत बघणारी घरची म्हातारी तर नाहीच नाही. दीनदयाळांच्या फोटोतला तो पायरीवरचा माणूस पाहिला की मला ते रकाने आठवतात.

पुढची वर्षे दीनदयाळांच्या चढत्या भाग्याची. १८८५ साली व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांचे छायाचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली. काही वर्षांतच त्यांनी इंदूरची नोकरी सोडली आणि सिकंदराबादला स्टुडिओ थाटून बसले. भरवशाचा पगार आणि पुढचे पेन्शन सोडून, चाळिशी उलटल्यावर, दूरच्या संस्थानात धंदा मांडणे ही लहान गोष्ट नव्हती. पण सहावे निजाम मीर महबूब अली खान यांची मर्जी बसली. दरबाराचे छायाचित्रकार म्हणून ते मिरवू लागले. १८९४ साली निजामांनी त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. तलवार न उचलता कॅमेऱ्याने मिळवलेली ही सरदारकी. निजामांनी त्यांच्या कौतुकाचा उर्दू शेर रचल्याचेही सांगतात. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कामाचा गौरव झाला. १८९६ साली त्यांनी मुंबईत स्टुडिओ काढला, आणि पुढच्याच वर्षी व्हिक्टोरिया राणीचे छायाचित्रकार म्हणून नाव लावण्याचा मान त्यांना मिळाला.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, ती आजच्या गृहिणींना विशेष वाटेल. १८९२ साली हैदराबादेत त्यांनी खास स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला. पडद्यातल्या बायका परपुरुषासमोर फोटोला कशा बसणार? म्हणून तिथली व्यवस्था केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाईंकडे सोपवली. आवाराला उंच भिंती घातल्या. घराच्या उंबऱ्याबाहेर ज्यांचा चेहरा कधी कोणी पाहिला नव्हता, त्यांचे चेहरे तिथे पहिल्यांदा काचेवर उतरले.

निजामांच्या मुलखाचे फोटो काढताना दीनदयाळ मराठवाड्यातही आले. देवगिरीचा किल्ला, वेरूळची लेणी, तेव्हाच्या औरंगाबादेतला बीबीचा मकबरा त्यांच्या संग्रहात आहेत. या मुलखात कॅमेरा त्यांच्या आधीही आला होता. अजिंठ्याची चित्रे उतरवून घेण्यात आयुष्य घालवलेल्या मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याचे आणि लोणारचे फोटो १८६०च्या दशकातच काढले होते. पण दीनदयाळांच्या बाजूने दरबाराची ताकद होती, तयार माणसांचा ताफा होता आणि हाताला सफाई होती.

याच दरबारी कामात मराठवाड्याच्या आठवणीतला सर्वांत काळा कालखंड त्यांच्या स्टुडिओच्या काचांवर उमटला. १८९९-१९०० सालचा दुष्काळ. पाऊस गेला, पिके गेली, जनावरे गेली आणि मग माणसे जाऊ लागली. औरंगाबादकडे सरकारी अन्नछत्रे आणि दुष्काळी कामे निघाली. ती कामे कशी चालली आहेत हे वरिष्ठांना दिसावे म्हणून फोटो काढले गेले. त्यातले काही फोटो लॉर्ड कर्झन यांच्या संग्रहातून लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत पोचले. हाडांवर कातडे ताणून बसवलेली माणसे ओळीने बसलेली आहेत. मुले आहेत, बाया आहेत, म्हातारे आहेत. ती आपली माणसे आहेत. तुमच्या-माझ्या पणजोबांच्या पिढीतली. पण फोटोखाली त्यांची नावे नाहीत. किती हालत झाली आहे त्याचे नमुने म्हणून ती समोर बसवलेली आहेत. देवळाच्या पायरीवरचा माणूस इमारतीच्या उंचीची मोजपट्टी होता. ही माणसे भुकेची मोजपट्टी झाली.

यात दीनदयाळांना दोष देण्याचा हेतू नाही. ज्यांनी काम सांगितले त्यांना हवे तेवढे त्यांनी दिले, आणि ते इतके स्वच्छ दिले की सव्वाशे वर्षांनीही त्या डोळ्यांना डोळा देववत नाही. फोटो नसते तर तो दुष्काळ केवळ सरकारी अहवालातल्या आकड्यांत उरला असता. पण काच सगळे टिपते, नाव टिपत नाही. नाव माणसाने विचारून लिहावे लागते. राजाच्या फोटोखाली ते न विचारताच लिहिले गेले. रयतेला कोणी विचारले नाही.

या दुष्काळाच्याच सुमारास मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा मीटर गेज रेल्वेमार्ग सुरू झाला. सेलूचे स्टेशन त्याच मार्गावरचे. सिकंदराबादच्या स्टुडिओपासून आमच्या भागापर्यंत आता लोखंडी रस्ता होता. पण दरबारी कॅमेऱ्याची वाट राजवाडे, लेणी, किल्ले आणि छावण्या अशीच जात असे. वालूरसारख्या गावातली बारव ही तेव्हा वास्तू नव्हती, रोजचे पाणी होते. बायका घागरी घेऊन उतरत, पोरे पोहत, गुराखी सावलीला बसत. जे रोज वापरात असते ते जपावे असे कोणाला वाटत नाही. नळ आले, बोअर आले, बारवेचे पाणी कोणाला नकोसे झाले, तेव्हा कुठे ती आपल्याला जुनी दिसू लागली.

दीनदयाळांचे शेवटचे दिवस सुखाचे गेले नाहीत. धाकटा मुलगा धरमचंद धंद्यात त्यांचा हात होता. तो १९०४ साली वारला. त्यानंतर वर्षभरातच, ५ जुलै १९०५ रोजी, दीनदयाळ गेले. थोरले चिरंजीव ग्यानचंद यांनी पेढी चालवली. पण १९११ साली महबूब अली खानही गेले, काळ बदलला, आणि तो थाट पुन्हा आला नाही. योगायोग असा की जुन्या वास्तूंच्या रक्षणाचा कायदा कर्झन यांनी केला तो १९०४ सालचा. हैदराबाद संस्थानात पुराणवस्तू खाते निघायला १९१४ साल उजाडले. दीनदयाळांनी ज्यांचे फोटो काढले त्या इमारतींना कायद्याचे छत्र मिळू लागले तेव्हा ते स्वतः उरले नव्हते.

मधल्या काळात पडझड थांबली नव्हतीच. १९०८च्या सप्टेंबरात मुसी नदीला महापूर आला आणि जुन्या हैदराबादेतल्या वस्त्याच्या वस्त्या वाहून गेल्या. बशीरबाग राजवाडा पाडला गेला. आता ते फक्त शहराच्या एका भागाचे नाव आहे. ती जागा पूर्वी कशी होती हे पाहायचे तर दीनदयाळांकडेच जावे लागते. त्यांनी काढले तेव्हा ते मालकाच्या हौसेचे फोटो होते, आज ते पुरावे आहेत.

त्या काचांचे काय झाले? पिढ्यान्‌पिढ्या त्या कुटुंबाकडे पेट्यांमध्ये राहिल्या. नाजूक, जड, जागा अडवणाऱ्या. घरात अशा वस्तू किती काळ टिकतात हे कोणत्याही गृहिणीला सांगायला नको. तरी टिकल्या. १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यातल्या २,८५७ काचा विकत घेऊन जतन केल्या. २००६ साली टपाल खात्याने दीनदयाळांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे टिपले, त्याचा चेहरा शंभर वर्षांनी घरोघरच्या पाकिटांवर आला.

हे सारे आज सांगायचे कारण इतकेच की दीनदयाळांकडे जे नव्हते ते आपल्याकडे आहे. बैलगाडी नको, काच नको, चांदीचे पाणी नको. गावाकडच्या पडक्या वाड्याचा, वेशीचा, गढीच्या बुरुजाचा फोटो कोणीही काढू शकतो, आणि पुष्कळ जण काढतातही. पण त्या फोटोत अनेकदा असतो तो आपलाच चेहरा. मागची भिंत केवळ शोभेला. इमारतीकडे सरळ बघण्याची दीनदयाळांची शिस्त आपण घ्यायला हवी. आणि त्यांच्या काळाने जे केले नाही तेही करायला हवे. पायरीवर बसलेल्या माणसाला त्याचे नाव विचारायला हवे.

वालूरच्या बारवेत घागर घेऊन उतरलेल्या आज्या आता थोड्या उरल्या आहेत. पाणी कुठवर असायचे, कोणत्या पायरीवर धुणे चालायचे, उन्हाळ्यात तळ कसा दिसायचा, सासुरवाशिणी तिथे मनातले काय बोलून मोकळ्या होत, हे त्यांच्याखेरीज कोणाला ठाऊक नाही. दगड आणखी दोनशे वर्षे थांबतील. आज्या थांबणार नाहीत. तेव्हा या सुट्टीत गावी गेलात तर भिंतीचा फोटो काढा, भिंतीजवळच्या माणसाचाही काढा, आणि वहीत दोघांबद्दल चार ओळी लिहा. तेवढेही जमले नाही तर कपाटावरचा जुना अल्बम खाली उतरवा, घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवा आणि प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव लिहा. पेन्सिलीनेच, कारण शाई पुढच्या बाजूला उमटते.